पलार नावाचं गाव

आमच्या बिल्डिंगखाली पाण्याचा टँकर आला की सगळे बादल्या घेऊन धावायचे आणि पलारकरकाका वही घेऊन. मीरा रोडला पूनम सागरच्या मागे तेव्हा नव्या बिल्डिंगी भराभर उभ्या राहत होत्या, पण नळाला पाणी असं कोणी पाहिलेलं नव्हतं. रांग लांब लागायची, आणि रांगेतला माणूस आपली जागा सोडून पळून जाऊ शकत नाही हे काकांनी बरोबर हेरलं होतं. ते शेवटापासून सुरुवात करायचे. "आपलं आडनाव?" नाव विचारायचे नाहीत. नाव आईबाप हौसेनं ठेवतात, त्यात माहिती काही नसते, असं त्यांचं मत होतं. मला ते शेवटपर्यंत 'माणगावकरबाई' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक असावं असं मला वाटत नाही आणि त्यांचं मला आज आठवत नाही, तेव्हा फिट्टंफाट.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या नवऱ्याला रांगेत गाठलं.

"माणगावकर," नवरा म्हणाला.

"कुठलं माणगाव?"

"कोकणातलं."

"कोकण केवढं आहे! रायगड जिल्ह्यातलं माणगाव की कुडाळजवळचं?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू गाव मी रुखवतात आणलं होतं. त्याचा जन्म परळचा, शाळा परळची, आणि गाव म्हणजे लग्नपत्रिकेत 'मुक्काम पोस्ट'च्या पुढे छापतात ते, एवढाच त्याचा गावाशी संबंध. "विचारून सांगतो," तो म्हणाला. बादली भरून वाहत होती आणि मागचा माणूस "भाईसाब, आगे बढ़ो" म्हणून ओरडत होता. काका जागचे हलले नाहीत. "विचाराच. चुलत्यांना कार्ड टाका. आणि उत्तर आलं की कार्ड घेऊन या. तोंडी माहिती मी घेत नाही."

कार्ड टाकलं. चुलत्यांचं उत्तर आलं, कुडाळजवळचं. नवरा ते कार्ड घेऊन खालच्या मजल्यावर काकांकडे गेला आणि तासाभरानं परत आला तो पाचवीतल्या मुलासारखा खूश. "चल, तुला गंमत दाखवतो," म्हणून मला घेऊन गेला.

लोकांच्या हॉलमध्ये जिथे शोकेस असायचं तिथे काकांच्या भिंतीवर महाराष्ट्राचा कापडी नकाशा होता. त्यावर टाचण्याच टाचण्या. निळ्या टाचण्या गावावरून आलेल्या आडनावांच्या, पिवळ्या धंद्यावरून आलेल्या, आणि लाल म्हणजे टोपणनावं, चिडवणी, कुणाच्या पणजोबांनी केलेला एखादा पराक्रम किंवा फजिती. कोकणच्या पट्टीला निळ्या रंगाची नुसती गर्दी उसळली होती. त्या गर्दीत कुडाळपाशी एक नवी निळी टाचणी होती. "ती मी टोचली," नवरा म्हणाला. काकांचा नियमच होता, ज्याची त्यानं टोचायची.

दुसरा नियम दोन पुराव्यांचा. एक पुरावा म्हणजे अफवा, असं ते म्हणत. आमच्या शेजारच्या गुजराती किराणावाल्याला त्यांनी तीन आठवडे छळलं होतं. "आपका आडनाव गाँव का है कि धंदे का?" किराणावाला हात जोडून म्हणायचा, "काका, मैं तो बस दुकान का है." तिसरी गोष्ट नियम नव्हे, निष्कर्ष होता, आणि तो ते लहानमोठ्यांना सारखा ऐकवायचे: गाव सोडल्याशिवाय 'कर' लागत नाही. गावात सगळेच त्या गावचे, तिथे कोण कुणाला गावावरून हाक मारणार? माणूस बाहेर पडला, परक्या ठिकाणी गेला, तिथल्या लोकांनी विचारलं कुठचा रे तू, की लागला 'कर'. मीरा रोडला त्यांचं काम जोरात चालायचं ते यामुळेच. इथे सगळेच कुठून ना कुठून सुटलेले.

त्या दिवशी नकाशा पाहताना माझं लक्ष समुद्राकडे गेलं. अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून चांगली चार बोटं लांब, एक निळी टाचणी एकटीच टोचलेली होती.

"ही पडली का काका इथे?"

"ती माझी," काका म्हणाले. "पलारकर. अजून किनाऱ्याला लागायची आहे."

पलार नावाचं गाव कुठे नव्हतं. रत्नागिरीत नव्हतं, सिंधुदुर्गात नव्हतं, ठाणे जिल्ह्यातल्या महसुली गावांच्या यादीत नव्हतं. काकांनी सगळ्या याद्या पालथ्या घातल्या होत्या. पालशेत, पालगड, पालवणी, पाली, ज्या ज्या गावाच्या नावात 'पाल' आहे तिथल्या पोस्टमास्तरांना त्यांनी पत्रं घातली होती. काका स्वतः टपाल खात्यातलेच. पत्ता न लागलेली पत्रं जिथे येऊन पडतात त्या खोलीत त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेली. पाकिटावर नुसतं 'आमच्या बाळूस, मुंबई' लिहिलेलं पत्रही आपण बाळूला पोचवलं होतं, असं ते सांगत. आतल्या मजकुरात बाळूच्या गिरणीच्या भोंग्याचा उल्लेख होता म्हणे. बाळूचा पत्ता लागला, स्वतःचा लागला नाही.

त्यांच्याकडे होतं ते एवढंच. वडील पाच-सहा वर्षांचे असताना मिठाच्या गलबतातून मुंबईला आले. आईबाप नव्हते. बंदरावरच्या एका कारकुनानं घरी नेलं, वाढवलं आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेत घातलं. शाळेत मास्तरांनी गाव विचारलं, पोरानं सांगितलं, आणि रजिस्टरमध्ये 'पलारकर' लागलं. वडील गेले तेव्हा काका आठ वर्षांचे होते. "आपण पलारचे," एवढं वाक्य त्यांनी ऐकलेलं होतं. पलार कुठे आहे हे विचारायचं राहून गेलं. आठ वर्षांचं पोर कशाला विचारील?

मिठाचं गलबत म्हणून त्यांनी शिरोड्यापासून उरणपर्यंत मिठागरांच्या गावोगावी चौकशी केली होती. टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या चाळल्या होत्या. अख्ख्या जगात पलारकर किती आहेत, तर सात. काका, काकू, पुण्याला असलेला मुलगा, सून, नात, आणि डोंबिवलीला भाऊ-भावजय. डिरेक्टरीत एकदा माहीमला आठवा सापडला होता. काका त्याच संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन उभे राहिले, तर तो निघाला पालेकर, छापताना चुकलेला. काका त्याला चुकीबद्दल इतकं बोलले की तो बिचारा माफी मागायला लागला.

पालेकर हा शब्द त्यांच्या वर्मी लागायचा. गॅसच्या पुस्तकावर पालेकर, मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर पारकर, एका लग्नाच्या पत्रिकेवर तर चक्क पाल्हाळकर. असं चुकीचं नाव घालून काही आलं की ते पाकिटावर आपल्या सुरेख खात्याच्या अक्षरात 'पत्ता बरोबर, माणूस चूक' असं लिहीत आणि पेटीत टाकून परत पाठवत. माझ्या मुलीच्या बारशाचं निमंत्रण असंच परत आलं. माझ्या दिरानं पाकिटं लिहिली होती, त्यात त्यानं घोटाळा केला. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला त्या पाकिटाला चार दिवस लागले. मी चांगलीच चिडले होते. बारशाला मात्र काका-काकू वेळेवर हजर, हातात बाळाला वाळे. "मी पालेकरांच्या वतीनं आलेलो नाही," असं दारातच सांगून काका आत आले.

तिसऱ्या मजल्यावर एक तमिळ गृहस्थ होते. टँकरच्या रांगेत ते सहज म्हणाले, "पालार? हमारे उधर पालार नदी है." झालं. पुढचे दोन महिने काकांनी आम्हाला तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास ऐकवला. आपले पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेत गेले, पालार नदीकाठी राहिले, तिथून परतले आणि पलारकर झाले, अशी सगळी मांडणी तयार झाली. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, "नाही जमत. मिठाचं गलबत त्यात कुठेच बसत नाही." टाचणी होती तिथेच राहिली.

'पलारकर' असं सांगितलं की माणसं विचारतात, "हे कुठे आलं?" प्रत्येक जण विचारतो. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत. माणगावकरांना हा प्रश्न अर्ध्या मिनिटाचा आहे. काकांना तो साठ वर्षं होता. आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो हे न कळण्याइतकी मी तेव्हा लहान नव्हते. गाव कळलं की बाकीचं कळतं, कोण, कुठले, आपल्यात बसणारे की नाही. लोक गाव विचारतात ते माणूस ठरवायला. काका विचारायचे ते टाचणी टोचायला, एवढाच फरक.

पण तो प्रश्न काय करू शकतो हे मला काकूंनी शिकवलं. काकू वाईकडच्या, गोऱ्या, ठेंगण्या, बोलायला हळू. त्यांच्या पायांवर सूज असायची आणि जिना चढताना त्या प्रत्येक वळणावर थांबायच्या. मला वाटायचं, नवऱ्याच्या या वेडाला त्या कंटाळल्या असतील. मी एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता तसं म्हटलंही. "तुम्ही कशा काय सहन करता हो ही टाचण्यांची भानगड?"

"ते माझ्यासाठीच चाललंय," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. काका त्यांना मागणी घालायला वाईला गेले तेव्हा त्यांच्या वडिलांनी विचारलं, तुमचं गाव कुठलं, कुलस्वामिनी कोणती? काका म्हणाले, शोधतोय. वडील म्हणाले, "सापडल्यावर या." काकू थांबल्या नाहीत, निघून आल्या. रजिस्टर लग्न झालं, माहेरचं कुणी आलं नाही. फक्त आईनं मागच्या दारानं एक हिरवा खण हातात दिला होता. म्हणाली, देवी सापडली की पहिली ओटी माझ्या या खणानं भर. आईवडील दोघंही पुढे गेले. खण पस्तीस वर्षं ट्रंकेत होता.

"दर वर्षी बिल्डिंगमधल्या बायका कुलदेवीला जाऊन येतात," काकू म्हणाल्या. "प्रसाद आणून देतात. मी घेते. माझं माहेर होतं, गाव होतं, ते सोडून मी ज्या गावची झाले ते गावच नाही बघ. मला राग नाही येत. पण एकदा ओटी भरायची आहे. आता डॉक्टर म्हणतात, लांबचा प्रवास करायचा नाही. ह्यांना सापडलं आणि ते तिकडे मालवणच्या पुढे असलं, तर मी काय करू?" मी वाटाणे सोलत राहिले. त्या दिवसापासून समुद्रातली ती टाचणी माझ्या डोळ्यांना टोचायला लागली हे मात्र खरं.

आता भाजीवाल्या आजी. आमच्या गेटच्या बाहेर, बंद पडलेल्या पंपाच्या कट्ट्यावर त्या पाटी घेऊन बसायच्या. इथल्या जुन्या घरातल्या. आमची बिल्डिंग उभी होती ती जमीन कधीकाळी त्यांच्या दिराची होती, हे त्या भाजी तोलता तोलता अधूनमधून सांगायच्या, म्हणजे गिऱ्हाईकानं जास्त घासाघीस करू नये. त्यांच्या बोलण्यात ड फिरकत नसे. सगळीकडे र. काकांचं आणि त्यांचं यावरून रोज वाजायचं.

"मेथीची जुरी घ्या, मास्तर."

"जुडी! जुडी म्हणा, बाई."

"तेच बोलताव ना, जुरी. आज घोरबंदरशी आयली हाय, ताजी."

"घोड! घोडबंदर! घोड्याचा ड."

"घोऱ्याचाच ना? मंग बरोबर हाय."

काका कधी मास्तर नव्हते. पण आजींनी त्यांना मास्तर करून टाकलं होतं, आणि त्या चुका मुद्दाम वाढवायच्या असा माझा संशय आहे. शुद्ध बोलणं ही काकांची दुसरी खोड. त्यांच्या खोलीत येणारी पत्रं हरवायची ती अशा बोबड्या उच्चारांमुळेच, असं ते म्हणत. जसं बोलतात तसं लिहितात आणि मग आम्ही शोधत बसतो. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकलं असेल.

ती सकाळ थंडीतली होती. काकू उन्हाला म्हणून आजींच्या पाटीशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी रजेवर होते, वालाच्या शेंगा निवडून घेत होते. काका वही काखोटीला मारून टँकरची वाट बघत उभे. काकूंनी आजींना विचारलं, इथे पूर्वी काय होतं हो? आजींना तेवढंच पाहिजे होतं.

"ही तुमची बिल्डिंग हाय ना, हितं आमचा आगर व्हता. मिठाचा. मीठ उचलाला मानसा पुरत न्हाय, मंग पल्यारशी येत. होऱ्या भरून येत. बायका, पोरा, सगली."

"होड्या," काका पुटपुटले.

"पावसाचे आदी परत जात. माजी सासू सांगं, एक वरीस साथ आयली. लय मानसा मेली. पोरा हितंच रायली, कोन कोनाचा काय कलं न्हाय. एकेकाला मिठाचे गलबतान घालून मुंबैला धारला. कोनी इचारला, कोनाचा रे तू, का बोलाचा, पल्यारचा."

"पल्याडचा," काका म्हणाले. "ड, बाई, ड. पल्या–"

आणि ते थांबले. दुरुस्ती करताना ते तर्जनी वर करायचे. ती तशीच वर राहिली. काखेतली वही खाली पडली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या डोक्यात अजून काही शिरलेलं नव्हतं. काकूंच्या शिरलं होतं. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

"पुन्हा म्हणा," काका म्हणाले.

"काय म्हनू?"

"त्या मुलांना विचारलं की ती काय सांगायची?"

"पल्यारचा." आजी हसल्या. "आता ड बोलू का र बोलू, मास्तर?"

"र," काका म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "रच म्हणा."

मला वाटलं होतं, आता पेढे येतील. आले नाहीत. टँकर येत होता, रांग लागत होती, काका खाली उतरत नव्हते. चार दिवसांनी मी वाटीत खीर घेऊन गेले तर ते नकाशासमोर बसले होते.

"गाव नाही ते, माणगावकरबाई," ते म्हणाले. "अव्यय आहे. क्रियाविशेषण अव्यय. पस्तीस वर्षं मी पोस्टमास्तरांना पत्रं घालून एका अव्ययाचा पत्ता विचारत होतो."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हातानं थांबवलं. "त्याचं दुःख नाही. शाळेतल्या मास्तरानं ऐकलं तसं लिहिलं, बरंच केलं. पण ती बाई पाच वर्षं माझ्या दारात बसून माझ्या बापाच्या बोलीत बोलत होती. आणि मी तिला जुडी शिकवत होतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तोवर त्यांना विनोदी माणूस समजत होते. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

काकू आतून आल्या. हातात तो हिरवा खण. घड्यांवर रंग उडून पांढुरक्या रेघा उमटल्या होत्या.

"सापडलं ना?" त्या म्हणाल्या. "मग चला."

"कुठे चला? पल्याड म्हणजे कुठे? खाडीपलीकडे सगळा वसई तालुका पडलाय. गाव कुठलं, देवी कुठली? निदान दोन पुरावे..."

"एक मिठाचं गलबत. दुसरा आजींची जीभ. झाले दोन," काकू म्हणाल्या. मी त्यांना इतक्या ठसक्यात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "मला गाव नको, मला पल्याड पाहिजे. डॉक्टरांनी लांब जायला मना केलंय. हे लांब नाही."

ओटी कुणाची भरायची हा प्रश्न उरला होता, तो आजींनी एका वाक्यात सोडवला. आपल्या पाटीतला एक नारळ काकूंच्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, "नारली पुनवेला आमी खारीला नारल देताव. खारी अल्यारची पन आय, पल्यारची पन आय. तिचीच भरा." काकांनी 'खाडी' म्हणून दुरुस्त केलं नाही.

त्या टाचणीचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे मध्ये राहायला नको. काकांनी ती समुद्रातून काढली आणि काकूंच्या हातात दिली. ज्याची त्यानं टोचायची हा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला, किंवा पाळला, कसंही म्हणा. काकूंनी ती खाडीच्या निळ्या रेघेवर बरोबर मधोमध टोचली. काकू त्यानंतर दीड वर्ष होत्या. त्या गेल्यावर काका मुलाकडे पुण्याला गेले आणि जाताना नकाशा आम्हाला देऊन गेले. तो माझ्याकडे आहे. कापड विरलंय, टाचण्या गंजल्या आहेत, पण त्या रेघेवरची अजून पक्की आहे.

तर आम्ही गेलो. रविवारी सकाळी, रिक्षानं, काका, काकू आणि मी. रिक्षावाला उत्तरेकडचा. "किधर जाना है?" "उस पार," काका म्हणाले. "उस पार किधर?" "बस, उस पार." त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. काशीमिऱ्याला ट्रकच्या रांगेत अर्धा तास गेला. काकूंनी पदर नाकाला लावला होता आणि खण मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. वरसाव्याहून खाडीच्या पुलावर चढलो तेव्हा वारा एकदम खारट झाला. पूल संपल्यावर काका म्हणाले, "थांबा." रस्त्याच्या कडेनं एक पायवाट तिवरांमधून पाण्याशी उतरत होती. तेवढं उतरायला आम्हाला पाव तास लागला. प्रत्येक चार पावलांवर काकू थांबत होत्या, आणि त्या थांबल्या की काका थांबत होते.

देऊळ नव्हतं, शेंदूर फासलेला दगडही नव्हता. चिखल, तिवरं आणि पाणी. काकूंनी माझ्या हाताचा आधार घेतला, वाकल्या, पाण्याला हळदकुंकू वाहिलं. मग खणावर तांदूळ, नारळ ठेवून ओंजळ पाण्यावर सोडली. नारळ डुचमळला. खण त्याच्याखालून सुटून उलगडला आणि पाण्यावर पसरला, मधोमध अजूनही हिरवागार. "आई, भरली गं," काकू म्हणाल्या. कुठल्या आईला म्हणाल्या ते मी विचारलं नाही. भरती होती. खण हळूहळू आत, ठाण्याच्या बाजूला जात राहिला आणि आम्ही तिघं तो दिसेनासा होईपर्यंत उभे राहिलो.

तिवरांत एक म्हातारा माणूस गुडघाभर चिखलात खेकडे धरत होता. तो बराच वेळ आमच्याकडे बघत होता. खण गेल्यावर त्यानं हाक दिली.

"कठशी आयल्यात?"

काकांनी वळून पाहिलं. समोर आमची बाजू होती, टेकडी, धूळ, पुलाकडे सरकणारे ट्रक. मीरा रोड म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी घसा साफ केला. जन्मभर लोकांचा ड दुरुस्त करत आलेला तो माणूस पाण्याच्या पलीकडे बोट दाखवून स्पष्ट आवाजात म्हणाला,

"पल्यारशी."

म्हाताऱ्यानं एकदा पलीकडे पाहिलं, "हां हां," म्हणून मान हलवली आणि परत खेकड्यांकडे वळला. हे कुठे आलं, असं त्यानं विचारलं नाही.